स्वागत न केलेलं गाव

दगड आला तेव्हा मी अंगणात वाल पाखडत होते. रस्त्याला लागून पहिलं घर आमचं, आणि मी ग्रामपंचायतीची सदस्य, म्हणून टेम्पो थेट आमच्याच दारात थांबला. गोणपाटात गुंडाळलेला तो दगड चौघांनी मिळून कसाबसा उतरवला, ओटीच्या जोत्याला टेकवून ठेवला आणि पाणी पिऊन ते निघून गेले.

हा दगड येणार हे गावाला ठाऊक होतं. फार पूर्वी एक सैन्य घाट उतरून आमच्या मुरबाडच्या बाजूने शहापूरकडे आणि पुढे समुद्राच्या दिशेने लढायला गेलं होतं. त्या वाटेवर जिथे जिथे सैन्याचा मुक्काम पडला, तिथे तिथे रस्त्याकडेला दगड लावायचे, असं कल्याणच्या एका समितीने ठरवलं होतं. ग्रामसभेत हा विषय आला तेव्हा मीही हात वर केला होता. गावाचं नाव दगडावर कोरलं जाणार, येणारे-जाणारे वाचणार, त्यात वाईट काय?

कोणतं सैन्य, कुणाचं, कुणाशी लढायला निघालेलं, हे मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की वाचणारा लगेच बाजू घेतो आणि सांगायचं ते राहून जातं. एवढंच सांगते की ते परक्यांचं नव्हतं. आपलंच म्हणतात ते.

पाखडणं झाल्यावर मला राहवेना. मी गोणपाटाची सुतळी सोडली. काळा, गुळगुळीत घासलेला दगड होता आणि अक्षरं पांढरी भरलेली. वर गावाचं नाव, अगदी बरोबर. त्याखाली लिहिलं होतं की सैन्याने या गावी मुक्काम केला. आणि त्याखाली: ‘ग्रामस्थांनी सैन्याचे उत्स्फूर्त स्वागत करून आपले धान्य व गुरे मोहिमेस अर्पण केली.’

मी ते दोनदा वाचलं. सासूबाई गोठ्यातून शेणाचे हात तसेच घेऊन आल्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांना वाचता येत नाही.

“काय लिवलंय गो?”

मी वाचून दाखवलं.

“अर्पन म्हंजे?”

“म्हणजे आपणहून दिलं, आई. देवाला वाहतो तसं.”

“कोनी वायलं?” त्यांनी विचारलं. “कोनाला इचारून वायलं?”

त्यांचा आवाज असा झाला होता की चुलीवरचं दूध उतू जात असतं तरी त्यांनी तिकडे बघितलं नसतं, आणि असं त्यांनी आयुष्यात कधी होऊ दिलं नव्हतं.

हे कळायला आमच्या दडीबद्दल सांगावं लागेल. गावाच्या मागे जो डोंगर आहे, त्याच्या अर्ध्या उंचीवर कातळाची एक लांब कपार आहे. खालून ती दिसत नाही. पुढे ऐनाच्या झाडांची आणि करवंदीची दाट जाळी आहे. तिला आम्ही दडी म्हणतो, कारण तिथे गाव दडलं होतं. सैन्य येतंय अशी कुणकुण लागली तेव्हा लोकांनी नेता येईल तेवढं भात, वरी, नाचणी डोक्यावर घेतली, गुरं पुढे घातली आणि सगळं गाव वर जाऊन बसलं. खाली जे राहिलं ते सैन्याने नेलं. कणग्या फोडल्या, मागे राहिलेले बैल नेले, जाताना घरांचे वासेसुद्धा जळणाला नेले असं सांगतात.

आणि वर लेकरं होती. लेकरू रडलं तर आवाज खाली जाणार. तर गावात एक ओली बाळंतीण होती, तिने सगळ्यांची तान्ही आळीपाळीने आपल्या अंगावर घेतली आणि एकालाही रडू दिलं नाही. ती कोणत्या घरातली, यावरून अजून भांडणं होतात. प्रत्येक घर म्हणतं, ती आमचीच.

भात झोडून कणगीत गेलं की वर्षातून एकदा आमचं सगळं गाव दडीवर जातं. सकाळी घरं बंद होतात, चूल पेटत नाही, संध्याकाळपर्यंत खाली कोणी थांबत नाही. वाट चढताना बोलायचं नसतं. लहान मुलांच्या तोंडात गुळाचा खडा देतात, म्हणजे ती गप्प राहतात. वर गेल्यावर स्वयंपाक होतो आणि पहिली पंगत लेकुरवाळ्यांची बसते. सरपंच असो, पाटील असो, कुणी पाहुणा असो, अंगावर पिणारं मूल जिच्याजवळ आहे ती आधी जेवते. मी लग्न होऊन या गावात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या पंगतीत बसले होते. माझ्या पानात भाकरी माझ्या सासऱ्यांनी स्वतः वाढली होती. तो मान मला माहेरी, सासरी, पंचायतीत, कुठेच परत मिळाला नाही.

आणि आता हा दगड सांगत होता की आम्ही खाली थांबलो होतो, ओवाळायला.

सरपंच नात्याने माझे चुलत दीर. मी त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, “भाऊजी, दगडावर चुकीचं लिहिलंय.”

“नाव चुकलं का?”

“नाव बरोबर आहे. बाकीचं चुकलंय.”

त्यांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. मग म्हणाले, “वयनी, एक वाक्य हाय ते. कोन वाचतंय? मुंबईचे मोठे पाहुणे येतात उद्घाटनाला. दगडाबरोबर फाट्यावर शेड देतो म्हनालेत एसटीसाठी. तुमालाच उन्हात उभं राहायला लागतं ना?”

ते खरं होतं. फाट्यावर एक झाड नाही. शहापूरला जायचं तर उन्हातच गाडीची वाट बघत उभं राहावं लागतं.

मी त्यांच्याकडून समितीच्या सरांचा नंबर घेतला. सर कल्याणच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त झालेले. फोनवर फार शांतपणे बोलले. मी विचारलं, हे स्वागताचं कुठून आलं?

“ताई, जुन्या कागदात तुमच्या गावी मुक्काम झाला एवढंच आहे.”

“मग अर्पण?”

“ते वाक्य सगळ्याच दगडांवर आहे,” ते म्हणाले. “समितीत तसं ठरलं.”

“सगळ्या गावांनी एकसारखंच स्वागत केलं होय?”

ते हसले. कुचेष्टेने नव्हे, पण हसले. “ताई, स्मारक आहे ते. स्मारकावर पळापळ कोण कोरतं?”

मी फोन ठेवला आणि आईंना म्हटलं, “उद्या माझ्यामागे गाडीवर बसाल का?”

आई माझ्या स्कूटीवर कधी बसत नसत. घाबरत. पण दुसऱ्या दिवशी पदर खोचून, माझ्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारून बसल्या. आम्ही आधी धसईला गेलो. बाजाराचा दिवस होता. तिथला दगड सापडायला वेळ लागला, कारण त्याच्यावर एका भाजीवालीने दुधी आणि कारल्याच्या गोण्या रचल्या होत्या. तिने गोणी सरकवली, मी वाचलं. उत्स्फूर्त स्वागत. धान्य व गुरे अर्पण.

पुढे किन्हवलीच्या वाटेवर आणखी एक दगड, त्याला बकरी बांधलेली. वाक्य तेच. त्याच्या पुढच्या गावात दगडाच्या शेजारी बाकावर काही म्हातारे बसले होते. आईंनी त्यांना विचारलं, “तुमच्याकडे आलतं का हो सैन्य?”

त्यातला एक म्हणाला, “आमच्याकडे कुठलं? ते नदीच्या पल्याडनं गेलं म्हनतात. पन दगड चांगला हाय.”

आई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. शहापूरच्या अलीकडे आणखी एक वाचला, आणि मग मी गाडी वळवली. आमच्या फाट्यावर उतरल्यावर आई म्हणाल्या, “सगळ्यांच्या तोंडात एकच घास कोंबलाय.”

त्या दिवशी माझा राग बदलला. आधी मला वाटत होतं की सरांची चूक झाली आहे, समजावून सांगितलं की दुरुस्त होईल. आता कळलं की चूक झालेली नाही. कुणीतरी एका खोलीत बसून आमच्या सगळ्यांच्या वतीने हो म्हटलं होतं. आमच्या जागी उभं राहून आमचं भात देऊन टाकलं होतं, आणि आम्ही त्याचा अभिमान बाळगावा अशी अपेक्षा होती.

मी ग्रामसभा बोलवायला लावली. मारुतीच्या देवळात सभा भरली. पुरुष पुढे, बायका मागे, नेहमीप्रमाणे. मी उभी राहून सांगितलं की ते वाक्य काढल्याशिवाय दगड लावायचा नाही.

वाशिंदच्या कंपनीत जाणारा एक तरुण उठला. शिकलेला आहे, चांगला मुलगा आहे. म्हणाला, “काकी, मग काय लिहायचं? गाव पळालं? कंपनीत आधीच आमाला जंगलातले म्हनतात. आता पळपुटे म्हनतील. बाकीच्या गावांनी स्वागत केलं आणि आमी पळालो?”

काही पुरुषांनी माना डोलावल्या. मला त्याचं म्हणणं समजत होतं. रोज डबा घेऊन बाहेर जाणाऱ्याला रोज काय ऐकावं लागतं, हे माझ्या घरातही ऐकलेलं होतं. माझा नवरा त्याच कंपन्यांच्या रांगेत कामाला आहे.

मागून आई उठल्या. ग्रामसभेत त्या कधी बोललेल्या नव्हत्या.

“तुझी आई चढते ना रे दडीवर?” त्यांनी त्या मुलाला विचारलं.

“चढते.”

“तू बी चढतोस. गूळ खाल्लास, जेवलास. तितं वर लाज नाय वाटत, मंग खाली आल्यावर कशी वाटते? आं? पळाले म्हनून तू हायस. थांबले असते तर तुजी कंपनी कोन बगनार होता?”

मुलगा खाली बसला. पण त्याने सभेचं मत बदललं नाही. सरपंच म्हणाले, पाहुण्यांची तारीख मिळाली आहे, पत्रिका छापून झाल्या आहेत, आता दगड लागू दे, वाक्याचं पुढच्या वेळी बघू.

“पुढच्या वेळी म्हणजे कधी?” मी विचारलं. “सैन्य परत येणार आहे का?”

बायकांत हशा पिकला, पुरुषांतही थोडा. पण हात वर झाले ते दगड लावायच्या बाजूने जास्त होते. माझा नवरा कडेला उभा होता. त्याने हात वर केला नाही, माझ्या बाजूनेही नाही.

दोन दिवसांनी फाट्यावर चौथरा बांधून दगड उभा केला गेला आणि त्यावर भगवा कपडा गुंडाळला गेला. मी तिकडे गेले नाही. मला हरल्यासारखं झालं होतं. शिवायला आलेले ब्लाउज मशीनवर तसेच पडून होते.

दडीचा दिवस ठरलेल्या तिथीला नसतो. भात झोडून झालं की गावातल्या म्हाताऱ्या बायका हँडपंपावर पाणी भरताना आपसात ठरवतात, आणि त्या ठरवतील तो दिवस. पुरुषांना त्यात विचारत नाहीत. तशी रीतच आहे. त्या सकाळी मीही पंपावर होते. आईंनी हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “यंदा दडी कवा धरायची?”

गावात सगळ्यांत म्हातारी जी आहे, तिला आता नीट दिसतही नाही, तिने हंड्याच्या काठावर हात ठेवून उत्तर दिलं, “सैन्य येतंय त्याच दिवशी.”

कुणी हसलं नाही. कुणी तिला समजावलंही नाही की सैन्य नाही, पाहुणे येताहेत. एकेक बाई हंडा भरून उचलत गेली आणि जाताना म्हणत गेली, “चालेल.” “चालेल.” सरपंचांची बायकोही तिथे होती. तीसुद्धा म्हणाली, “चालेल.”

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “भाऊ काय म्हनेल? सरपंच हाय तो.”

“म्हणू दे.”

“पाहुणे मोठे हायत. उद्या रस्त्याचं काम अडवतील, पाण्याचं अडवतील.”

“अडवतील,” मी म्हटलं. मलाही तीच भीती होती, म्हणून त्याच्याशी भांडता आलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी उठले तर तो अंगणात पंचायतीचा मोठा टोप राखेने घासत बसला होता. दडीवर भात त्याच टोपात होतो. त्याने कामावर सुट्टी टाकली होती आणि मला सांगितलंही नव्हतं.

ऊन वर येता येता आम्ही निघालो. दडीची वाट फाट्यावरूनच जाते, तिला दुसरा रस्ता नाही. मांडव बांधून तयार होता. खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. माईकवाला हॅलो, हॅलो करत होता. ओवाळायला म्हणून ज्या मुलींची नावं काढली होती, त्या आपल्या आयांचा हात धरून आमच्यात होत्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत तांदूळ, वाल, सुकट, पळसाच्या पत्रावळी. गुरं पुढे. गळ्यातल्या घंटांमध्ये रीतीप्रमाणे गवत कोंबलं होतं, म्हणजे वाजू नयेत.

सरपंच मांडवातून धावत आले. नवा सदरा, खांद्यावर टॉवेल.

“वयनी! कुटं चाललात सगळ्या? पाहुणे निघाले कल्यानातनं!”

दडीची वाट चढताना बोलायचं नसतं. मी बोलले नाही.

“अगो, एक तास थांबा! मग जा!”

माझ्यामागून आई आल्या, बोलल्या नाहीत. त्यांच्यामागून सगळ्यांत म्हातारी आली, नातवाच्या खांद्याला धरून. मग सरपंचांची बायको आली, डोक्यावर कळशी. मग त्यांची सून, कडेवर तान्हं मूल. मुलाच्या तोंडात गुळाचा खडा देता येत नाही एवढं ते लहान होतं, म्हणून तिने त्याला पदराखाली घेतलं होतं. सरपंच तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला होता तो मागे घेतला आणि वाटेतून बाजूला झाले. माईकवाल्याचं हॅलोसुद्धा बंद पडलं होतं.

ग्रामसभेत बोललेला तो तरुण सगळ्यांच्या शेवटी होता. त्याने जळणाची मोळी घेतली होती.

वर गेल्यावर नेहमी गलका होतो. त्या दिवशी झाला नाही. जाळीच्या फटीतून खालचा रस्ता दिसत होता, मांडव दिसत होता, आणि गाव. गावातून धूर निघत नव्हता. मग गाड्या आल्या. एकामागून एक, पांढऱ्या, धूळ उडवत. त्या मांडवाशी थांबल्या आणि माणसं उतरली.

तेव्हा काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आम्हा कुणाला कुणी काही सांगितलं नाही. पण उभ्या होत्या त्या सगळ्या बायका खाली बसल्या. पुरुषही बसले. खालून दिसू नये अशा आम्ही जाळीमागे वाकून बसलो, मुलांची डोकी मांडीत दाबून. आम्हाला कोण काय करणार होतं? काही नाही. तरी आम्ही बसलो. कुठेतरी एक मूल रडायला लागलं आणि त्याच्या आईने घाईघाईने त्याला छातीशी धरलं, आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

वारा खालून वर होता. लाउडस्पीकर स्पष्ट ऐकू येत होता. पाहुण्यांचं भाषण छापील असावं, कारण त्यांनी ते बदललं नाही. ज्या गावाने सैन्याचं उत्स्फूर्त स्वागत केलं, त्या गावाच्या मातीला मी वंदन करतो, असं ते रिकाम्या खुर्च्यांना म्हणाले. मला वाटलं होतं की मला हसू येईल. आलं नाही. मला एवढंच वाटलं की बरं झालं, त्या वाक्याला एकदा तरी आमचं खरं, रिकामं गाव बघायला मिळालं.

आईंनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, “आता चूल पेटवा.”

गाड्या परत गेल्या तेव्हा भात शिजत आला होता. पहिली पंगत बसायची तयारी चालली होती, इतक्यात जाळीच्या बाजूने कुणीतरी चढत असल्याचा आवाज आला. ते सर होते. एकटे. बुटांना, पॅन्टला धूळ, करवंदीने हात ओरखडलेले. गुरांच्या पावलांवरून वाट काढत आले होते. आईंनी त्यांना पाणी दिलं आणि कातळावर बसायला सांगितलं.

“ताई,” ते दम घेत म्हणाले, “तुम्ही माझी फजिती केलीत.”

“तुमची नाही सर. त्या वाक्याची.”

पंगत बसली. लेकुरवाळ्या रांगेने बसल्या आणि माझ्या नवऱ्याने, त्या तरुणाने, इतर पुरुषांनी त्यांना वाढायला सुरुवात केली. सर बघत होते. त्यांना वाटलं असावं की आता आपल्याला बोलावतील. कुणी बोलावलं नाही. त्या जेवून उठल्यावर आईंनी सरांना हाक मारली.

जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं, दडीचं, बाळंतिणीचं, वाशांचं. त्यांनी मधे मधे प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. मग म्हणाले, “मला पटतंय. पण मी उभं आयुष्य मुलांना एकच शिकवलंय, की लेखी पुरावा नसेल तर लिहायचं नाही. तुम्ही जे सांगता त्याचा लेखी पुरावा माझ्याजवळ नाही.”

“आणि स्वागताचा?”

त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. “नाही,” ते म्हणाले. “तोही नाही.”

त्यांनी कसला आव आणला नाही, हे मला आवडलं. समितीत मांडतो म्हणाले. आईंनी त्यांना वालाचं बिरडं परत वाढलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. पाहुणे चिडले होते. शेड आली नाही. सरपंच सगळा उन्हाळा माझ्याशी बोलले नाहीत, त्यांच्या घरच्या बारशाचं आमंत्रण आलं ते आईंना, मला नाही. तालुक्याला कामाला गेले की तिथला कारकून मला म्हणायचा, “या, या, ते डोंगरावर जाणारं गाव ना तुमचं?” मी हो म्हणायचे.

समितीत सरांना किती बोलणी खावी लागली ते मला कळलं नाही. पण पाऊस लागायच्या आधी एक पाथरवट छिन्नी-हातोडा घेऊन आला. सरांनी पाठवला होता. त्याने उन्हात डोक्यावर पंचा बांधून ती ओळ एकेक अक्षर करत खरवडून काढली. नाव ठेवलं, मुक्काम ठेवला, बाकी काढलं. दगडाच्या मधोमध एक ओबडधोबड पट्टा राहिला. मी सरांना फोन केला आणि म्हटलं, त्या जागी आमचं कोरा. ते म्हणाले, ते मला करता येणार नाही. मी म्हटलं, मग राहू दे तसंच. आमचं आम्ही सांगू.

ज्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं ते थांबतात, दगडावरून हात फिरवतात आणि आमच्या ओटीवर विचारायला येतात. मी घरी नसले तर आई सांगतात. त्या सांगतात तेव्हा ती बाळंतीण अर्थातच आमच्या घरातली असते.

शेडचं आम्ही बायकांनीच मनावर घेतलं. एकीने पाडलेल्या गोठ्याचे पत्रे दिले, एकीने सागाचे वासे दिले. खड्डे खणत होतो तेव्हा सरपंच फाट्यावर आले. उभे राहून बघितलं. “खड्डा कमी हाय,” असं कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले आणि घरी जाऊन पहार घेऊन आले. माझ्याशी ते बोलले नाहीत, पण चारही खड्डे त्यांनी खोल केले.

शेड उभी राहिल्यावर रस्त्याच्या खात्यातला एक माणूस मोटारसायकलवरून आला. ही विनापरवानगी आहे, काढून टाका, म्हणाला. सावलीत आम्ही पाच-सहा जणी गाडीची वाट बघत बसलो होतो. मी त्याला म्हटलं, नाही काढणार. त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. त्याने गाव विचारलं, तेही सांगितलं. गावाचं नाव ऐकल्यावर त्याने एकदा दगडाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग काही न लिहून घेता तो मोटारसायकल सुरू करून निघून गेला आणि आमची एसटी आली.